पार्ट तपासायला जुना कॉम्प्युटर ठेवावा का?

पावसाळ्यातली सकाळ. बटण दाबलं, पंखे फिरले, पण डिस्प्ले नाही. दोष रॅमचा, एसएमपीएसचा की मदरबोर्डचा? अशा वेळी माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर आठवतो आणि वाटतं, बरं झालं भंगारात दिला नाही, यावर एकेक पार्ट लावून पाहू.

गैरसमज : जुन्या मशीनवर कुठलाही पार्ट तपासता येतो.

रॅमच घ्या. डीडीआर ३ ला २४० पिना, डीडीआर ४ ला २८८. डीडीआर ५ लाही २८८च, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे ती डीडीआर ४ च्या स्लॉटमध्ये बसतच नाही. इंटेलचं ११५१ सॉकेट २०१५चं, १२०० हे २०२०चं, १७०० हे २०२१चं. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात चालत नाही. साटा हार्डडिस्क मात्र बहुतेक कुठेही लागते. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचं मशीन आजच्या मशीनची रॅम किंवा प्रोसेसर तपासायला बहुधा निरुपयोगी.

गैरसमज : संशयित पार्ट चांगल्या मशीनला लावून पाहण्यात काय बिघडतं?

खूप काही बिघडू शकतं, आणि सगळ्यात मोठा धोका एसएमपीएसचा. त्याच्या १२ व्होल्टच्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट हे ठीक. बिघडलेला एसएमपीएस जास्त व्होल्टेज सोडू लागला, तर ज्या चांगल्या बोर्डाला तो लावाल तोही जाईल. हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून पाहण्याची युक्ती अनेकांना ठाऊक असते. त्यातून एसएमपीएस सुरू होतो एवढंच कळतं, लोड आल्यावर तो टिकेल की नाही ते कळत नाही.

म्हणून उलट करा. खात्रीचा पार्ट बिघडलेल्या मशीनकडे आणा, आणि त्यातही आधी एसएमपीएस बदला. तो तसाच ठेवून चांगली रॅम लावलीत, तर तीही जाऊ शकते. त्याआधी मात्र बंद मशीनची रॅम काढून, पुसून पुन्हा घट्ट बसवा. दमट हवेत तिच्या संपर्कपट्ट्या खराब होतात आणि पुष्कळदा एवढ्यानेच डिस्प्ले येतो.

गैरसमज : दुसऱ्या मशीनवर चालला, म्हणजे पार्ट चांगला.

काही दोष तापल्यावरच दिसतात. रॅमवर मेमटेस्ट ८६ चे पूर्ण फेरे होऊ द्या.

गैरसमज : घरी अख्खं मशीन हवंच.

अंधेरी-घाटकोपरच्या दुरुस्तीवाल्याला ते हवंच. टेबलावर उघडा बोर्ड, तोही ज्या पिढीची मशीन्स जास्त येतात त्या पिढीचा, हे त्याच्या धंद्याचं हत्यार आहे. वन बीएचकेमध्ये राहणाऱ्याने मात्र ती जागा अडवू नये, असं मला ठामपणे वाटतं. एक खात्रीचा एसएमपीएस, आपल्या बोर्डाला चालणारी एक रॅम, सीआर २०३२ सेल आणि मल्टिमीटर, हे सगळं बुटांच्या खोक्यात मावतं. अंदाजाने पार्ट आणायला मुलुंडहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड, म्हणजे अर्धा दिवस जातो. हे खोकं तो वाचवतं.

माळ्यावरचा कॉम्प्युटर काढायचा ठरला, तर आधी हार्डडिस्क काढून घ्या, घरचे फोटो त्यात असतात. कपॅसिटर फुगलेला बोर्ड ठेवू नका. उरलेलं मशीन रस्त्यावरच्या भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. त्यासाठीचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.