गुणसूत्रांची मोजदाद आणि आईवरचा आळ

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीत मुरूडजवळ फणसाडचे अभयारण्य आहे. जंजिऱ्याच्या नवाबाचे हे एके काळचे शिकारीचे रान. १९८६ साली त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. या रानात तिन्हीसांजेला कुत्र्याच्या भुंकण्यासारखा जो आवाज ऐकू येतो, तो भेकराचा. दिसायला हे लहानखुरे, बुजरे हरीण. परंतु प्राणिशास्त्रात त्याचे नाव एका विलक्षण कारणासाठी घेतले जाते. वुर्स्टर आणि बेनिर्श्के या संशोधकांनी १९७० साली भारतीय भेकराच्या पेशींतील गुणसूत्रे मोजली, तेव्हा मादीत ती अवघी सहा आणि नरात सात भरली. सस्तन प्राण्यांत याहून कमी संख्या आढळलेली नाही. चीनमधील भेकर त्याचा अगदी जवळचा भाऊबंद. त्याची गुणसूत्रे मात्र शेहेचाळीस, म्हणजे माणसाइतकीच.

मग फणसाडच्या भेकराने चाळीस गुणसूत्रे गमावली काय? मुळीच नाही. लहान लहान गुणसूत्रे कालौघात एकमेकांना टोकाशी जोडली जाऊन त्यांची मोठी गुणसूत्रे बनली. जनुकांचा साठा जवळजवळ तेवढाच राहिला. दहा वह्या एकत्र बांधून एक जाड वही केली म्हणून आतला मजकूर उणावत नाही, तसेच हे आहे.

केळीचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. आपण खातो त्यांतील बहुतेक केळींत अकरा गुणसूत्रांचा संच दोनऐवजी तीन वेळा असतो; एकूण तेहेतीस. तीन संचांची सारखी वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. परंतु सगळाच संच वाढलेला असल्याने झाडाची प्रकृती बिघडत नाही. बिघाड होतो तो संचातील एखादेच गुणसूत्र कमीअधिक झाले म्हणजे.

माणसाची गुणसूत्रे शेहेचाळीस आहेत हे १९५६ साली त्यिओ आणि लेवान यांनी दाखविले. त्यापूर्वी तीसहून अधिक वर्षे शास्त्रज्ञ अठ्ठेचाळीस धरून चालले होते. पुढे तीनच वर्षांनी, १९५९ साली, पॅरिसमध्ये लेजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाऊन संलक्षण असलेल्या मुलांत सत्तेचाळीस गुणसूत्रे असल्याचे प्रसिद्ध केले. एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन. हे माणसाच्या सर्वांत लहान गुणसूत्रांपैकी एक. तरीही त्यावरील दोन-अडीचशे जनुकांची मात्रा दीडपट झाली की बुद्धीची वाढ मंदावते आणि स्नायू शिथिल राहतात. सुमारे निम्म्या बालकांच्या हृदयात जन्मतः दोष आढळतो. मोठी गुणसूत्रे वाढली तर गर्भ बहुधा टिकतच नाही. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांच्या मुळाशी असाच बिघडलेला हिशेब असतो.

आपल्याकडे हा हिशेब बहुतेक वेळा आईच्या नावावर मांडला जातो, ही खेदाची गोष्ट होय. ग्रहणात तिने विळी हाती धरली, दिवस गेले असता नको ते खाल्ले, तिच्या माहेरचेच रक्त तसे, असे नाना आळ तिच्यावर येतात. वस्तुतः अधिकचे गुणसूत्र येते ते बहुधा बीजांड वा शुक्रपेशी तयार होताना, म्हणजे गर्भ राहण्याच्याही आधी. स्त्रीच्या बीजांडांतील या विभाजनाचा प्रारंभ तर ती स्वतः आपल्या आईच्या पोटात असतानाच झालेला असतो. गर्भारपणात लागलेल्या ग्रहणाचा त्याच्याशी काय संबंध पोचणार?

वयाचा संबंध मात्र खरा आहे. विशीतल्या मातेच्या बाबतीत साधारण दीड हजारात एक, पस्तिशीला साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक, अशी ही शक्यता वाढत जाते. म्हणून हा केवळ उतारवयातील मातांचा प्रश्न समजणे चुकीचे ठरेल. तरुण वयातील बाळंतपणेच संख्येने अधिक असल्याने अशी बहुतेक मुले तरुण मातांच्याच पोटी जन्मतात. थोड्या प्रकरणांत अधिकचे गुणसूत्र पित्याकडूनही येते.

भेकराची गोष्ट येथे पुन्हा उपयोगी पडते. डाऊन संलक्षणाच्या शंभरांतील तीन-चार बालकांत एकविसावे गुणसूत्र सुटे नसून दुसऱ्या एखाद्याला, बहुधा चौदाव्याला, जोडलेले असते. अशा काही बालकांच्या आईत किंवा वडिलांत हीच जोडणी सापडते. त्या व्यक्तीची गुणसूत्रे मोजली तर पंचेचाळीस भरतात. पण भेकराप्रमाणेच मजकूर पुरा असल्याने ती पूर्णपणे निरोगी असते. अपत्याकडे मात्र जोडलेले आणि सुटे अशी दोन्ही गुणसूत्रे जाऊ शकतात. जोडणी आईत असेल तर पुढच्या अपत्यातही डाऊन संलक्षण असण्याची शक्यता शेकडा दहा-पंधरा असते. वडिलांत असेल तर ती बरीच कमी.

म्हणूनच चेहरेपट्टीवरून निदान करून मोकळे होणे पुरेसे नाही. बालकाच्या रक्तातील गुणसूत्रांची तपासणी झाली पाहिजे, आणि जोडणी आढळल्यास आई-वडील दोघांचीही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन संलक्षणाचा समावेश आहे, आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूदही आहे. श्रीवर्धन-मुरूडच्या खाडीकाठच्या कुटुंबाला या कागदावरच्या तरतुदीचा लाभ व्हायचा, तर बाळाला मुंबईला नेण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी यांचा विचार व्हावयास हवा. तपासणीला लागते ते थोडेसे रक्त. त्याचा नमुना तालुक्याच्या रुग्णालयात घेऊन प्रयोगशाळेकडे धाडणे हे काही अशक्य कोटीतील काम नाही. हृदयाच्या तपासणीसाठी मात्र बाळालाच न्यावे लागते, आणि ते पहिल्या काही आठवड्यांतच. पुढे थायरॉईडचीही वेळोवेळी पाहणी करावी लागते. जोडणी बाळगणाऱ्या आई-वडिलांच्या सख्ख्या भावंडांनाही तपासणीचा सल्ला द्यावा लागतो. कारण तीच जोडणी त्यांच्यातही असू शकते, आणि त्यांची लग्ने कदाचित अजून व्हावयाची असतात.