हॉलिवूडमधला बाप पोरीला पळायला गाडी देतो, ‘सैराट’मध्ये तसं का होत नाही?

मासकॉमला असताना एका लेक्चरला सरांनी १९३४ चा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ लावला होता. शेवटाकडे लग्नाचा सीन आहे. करोडपती बाप नवरीचा हात धरून तिला पाद्र्यासमोर नेत असतो. चालता चालता तो तिच्या कानाशी लागतो. म्हणतो, तो पत्रकार चांगला माणूस आहे, तुझ्यावर त्याचं प्रेम आहे, मागच्या गेटला गाडी उभी आहे, पळ. नवरी पदरासारखा तो लांबलचक व्हेल सावरत धूम ठोकते.

अख्खा वर्ग हसला. मला हसूच येईना. बाप कानाशी वाकला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता.

कारण साधं आहे. मी डोंगरकड्याचा, जिल्हा हिंगोली. २०१६ च्या उन्हाळ्यात नांदेडला जाऊन ‘सैराट’ बघून आलेल्या पोरांपैकी एक. पळून गेलेल्या पोरीच्या घरचे गोड वागायला लागले की पुढं काय होतं, हे आम्ही पडद्यावर बघितलेलं होतं.

आता गंमत बघा. दोन्ही सिनेमांची स्टोरी एका ओळीत सांगायची तर ती एकच आहे. बड्या घरची हट्टी पोरगी, खिसा रिकामा असलेला पोरगा, घरातून पलायन आणि मागावर बापाची माणसं. मग एकाचा शेवट हशात आणि दुसऱ्याचा रक्तात का होतो?

आधी अमेरिकेचं बघू. फ्रँक काप्राच्या या सिनेमात एली अँड्र्यूज बापाच्या बोटीवरून समुद्रात उडी मारून पळते आणि मायामीहून न्यूयॉर्कला जाणारी बस पकडते. तिथं तिला पीटर भेटतो. तो पत्रकार आहे, नुकताच नोकरीवरून गेलेला. आपल्या यष्टीत कसं, बाजूच्या सीटवर कोण येईल ते आपल्या हातात नसतं, तसं या दोघांचं होतं. तिला बसमधल्या गर्दीची सवय नाही, पैसे मोजून खर्च करायची तर त्याहून नाही. रात्री एकाच खोलीत राहायची वेळ येते तेव्हा पीटर मधे दोरी बांधून घोंगडी टाकतो आणि तिला ‘जेरिकोची भिंत’ म्हणतो. बायबलमधली ती भिंत तुताऱ्यांच्या आवाजानं कोसळते. शेवटी ही घोंगडीही तशीच खाली पडते.

सिनेमा आला तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. आदल्या वर्षी, म्हणजे १९३३ मध्ये, तिथल्या साधारण चारातल्या एका कामगाराला काम नव्हतं. अशा लोकांना थेटरात बसून श्रीमंतांची जिरलेली बघायची होती. पण कुणाची कोठी लुटलेली हॉलिवूडला दाखवायची नव्हती. म्हणून एक तोडगा निघाला. श्रीमंत लाडावलेले असतात पण मनानं चांगले, गरीब फटकळ असतात पण स्वाभिमानी, दोघांचं लग्न लावलं की भांडण मिटलं. एलीचा पत्ता सांगणाऱ्याला १०,००० डॉलरचं बक्षीस असतं. पीटर ते नाकारतो आणि प्रवासात खिशातून गेलेले फक्त ३९ डॉलर ६० सेंट मागतो. तिथंच बापाला जावई पसंत पडतो. सिनेमाला मुख्य पाचही ऑस्कर मिळाले, तोवर एकाही सिनेमाला ते जमलं नव्हतं. आपल्याकडे राज कपूर-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि आमिर खानचा ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) यावरच बेतलेले.

पुढं १९५४ मध्ये ‘सब्रिना’ आला. त्यात ड्रायव्हरची पोरगी मालकाच्या पोरावर भाळते. ड्रायव्हर बापाचं म्हणणं असतं, की आयुष्य म्हणजे मोटार, पुढची सीट वेगळी, मागची वेगळी, मधे काच. पोरगी पॅरिसला जाते, नवे कपडे, नवी चाल घेऊन परत येते आणि काच खाली होते.

म्हणजे अमेरिकन रोमकॉमनं प्रेमाच्या आड पैशाची भिंत ठेवली. पैसा कमावता येतो, राहणी शिकता येते, त्यामुळे हसत हसत ती पाडता येते. पण तिथं दुसरी एक भिंत होती आणि तिला हात लावायचा नाही असा नियमच होता. हॉलिवूडच्या सेन्सॉरशिपच्या नियमावलीत, म्हणजे हेज कोडमध्ये, गोऱ्या-काळ्यांचं प्रेम दाखवायला मनाई होती. ही नियमावली कडक झाली तीही १९३४ मध्येच. असं लग्न अनेक राज्यांत गुन्हा होतं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ते कायदे १२ जून १९६७ ला रद्द केले, तेव्हा ते १६ राज्यांत शिल्लक होते. त्याच वर्षी ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ आला. त्यातला काळा नायक जगभर नावाजलेला डॉक्टर आहे. एवढं मोठं केल्याशिवाय गोऱ्या सासऱ्यासमोर त्याला उभं करता आलं नसावं, असं मला वाटतं.

आपल्याकडे पैशाचं आणि राहणीचं अंतर विनोदात छान बसतं. पु. लं.ची ‘ती फुलराणी’ (१९७५) आठवा. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून घेतलेलं नाटक, भक्ती बर्वेंची मंजुळा. फुलं विकणारी पोरगी शुद्ध बोलायला शिकते आणि बघता बघता वरच्या वर्गात खपून जाते. हे मला पटतं. शहरात आल्यावर ‘काय करायलास?’ विचारलं की लोक हसायचे, सहा महिन्यांत मीही ‘काय करतोयस?’ म्हणायला लागलो. जीभ वळते हो.

आडनावाचं तसं नाही. हॉलिवूडला अंतर दाखवायला बंगला आणि मोटार लागते. मराठीत हजेरी घेतली तरी भागतं. ‘टाइमपास’मध्ये (२०१४) दगडू परब आणि प्राजक्ता लेले एवढं ऐकलं की प्रेक्षकाला पुढचं कळतं. तो सिनेमा वरवर चाळ विरुद्ध नीटनेटकं घर असा खेळ करतो, जात तोंडानं फारशी बोलत नाही, आणि त्या दोघांना एकत्र आणायला २०१५ चा दुसरा भाग लागतो.

‘सैराट’चा पहिला अर्धा भाग तर चक्क रोमकॉम आहे. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टरवरून येणारी आर्ची एलीपेक्षा कमी नाही. मग दोघं हैदराबादला पळतात. आमच्या भागाला हे शहर परकं नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता आणि आजही कामाला जाणारी माणसं तिकडची गाडी धरतात. तिथं झोपडपट्टीत राहून पाटलाची पोरगी कारखान्यात कामाला लागते, परश्या डोशाच्या गाड्यावर राबतो. भांडतात, सावरतात, लग्न करतात. पोरगं होतं, स्कूटर येते.

इथं थांबा जरा. हॉलिवूडच्या हिशोबानं सिनेमा इथं संपायला हवा. गरीब पोरगा कष्टानं उभा राहिला, श्रीमंत पोरगी जमिनीवर आली, पैशाचं अंतर मिटलं. आर्ची आईला फोन करते. मग माहेरची माणसं येतात, आईनं पाठवलेल्या भेटी घेऊन. आर्ची त्यांना चहा करते.

नागराज मंजुळेंनी प्रेक्षकाला रोमकॉमच्या रुळावर आणून बसवलं आणि शेवटी रूळच काढून घेतले. पैसा ही या गोष्टीतली अडचण कधी नव्हतीच.

कायदा तसा पळणाऱ्यांच्या बाजूनं आहे. विशेष विवाह कायदा १९५४ चा, म्हणजे ‘सब्रिना’च्याच वर्षीचा. पण त्यात ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. घरच्यांना सुगावा लागायला तेवढं पुरतं. २७ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं शक्ती वाहिनी प्रकरणात राज्यांना सांगितलं, की अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष ठेवा, सुरक्षित निवाऱ्याची सोय बघा. महाराष्ट्र सरकार ठरावीक प्रवर्गांमधल्या आंतरजातीय लग्नाला ५०,००० रुपयांची मदतही देतं.

नांदेडहून परत येताना आमच्या यष्टीत त्या दिवशी सैराट बघून आलेले बरेच जण होते. जाताना अख्खी गाडी गाण्यांवर ओरडत गेली होती. येताना मागच्या सीटवरच्या एकानं मोबाइलवर तेच गाणं लावलं, आणि पुढं बसलेली एक ताई मागे न बघताच म्हणाली, “बंद कर रे ते.” त्यानं केलं.