‘नागपूर’ या शब्दाचे पायथनमध्ये तीन तुकडे का होतात? डॉक्युमेंटेशनमधली एक ओळ दुरुस्त होणं का महत्त्वाचं असतं?

पायथन ही जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषांपैकी एक. नागपुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांपासून आयटी कंपन्यांपर्यंत ती सगळीकडे आहे. या पायथनला ‘नागपूर’ हा शब्द देऊन, नेहमीच्या पद्धतीने, ‘यातले शब्द शोधून दाखव’ असं सांगितलं तर उत्तर येतं: ‘न’, ‘गप’, ‘र’.

शहर एक, तुकडे तीन आणि दोन मात्रा गायब. गंमत म्हणजे प्रोग्रॅम बंद पडत नाही, लाल अक्षरात एरर येत नाही. पायथनच्या दृष्टीने सगळं ठीकठाक झालेलं असतं.

त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. पायथनचं अधिकृत डॉक्युमेंटेशन, म्हणजे भाषा कशी वापरायची ते सांगणारी माहितीपुस्तिका, अनेक वर्षं सांगत होतं की कोणत्याही भाषेतल्या शब्दात येणारी बहुतेक अक्षरं या पद्धतीत धरली जातात. मराठी माणसासाठी हे वाक्य दिशाभूल करणारं होतं. ते पुढे बदललं गेलं.

ओपन सोर्सच्या जगात अशा छोट्या दुरुस्त्या रोज होतात. कुठे स्पेलिंग, कुठे उदाहरण, कुठे कोडमधली नको असलेली ओळ. दिसायला किरकोळ वाटणाऱ्या या कामाचा फायदा कोणाला होतो? आणि त्यातून कधी नुकसानही होतं का? समजून घेऊया.

मात्रा नेमक्या कुठे जातात?

आपण ‘नागपूर’ वाचतो तेव्हा आपल्याला चार अक्षरं दिसतात: ना, ग, पू, र. कॉम्प्युटरला मात्र सहा चिन्हं दिसतात. न, मग काना, मग ग, प, दीर्घ उकार आणि र. जगभरातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेत मूळ अक्षर आणि त्याची मात्रा वेगवेगळी साठवली जाते. म्हणूनच पायथनला या शब्दाची लांबी विचारली तर तो ६ सांगतो.

युनिकोड प्रत्येक चिन्हाला एक प्रकारही देतं. ‘न’ हे अक्षर. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याचं चिन्ह मात्र ‘अक्षर’ या गटात येत नाहीत, ती ‘अक्षराला जोडून येणारी चिन्हं’ या गटात आहेत.

पायथनमध्ये मजकुरातून शब्द शोधायला ‘रेग्युलर एक्सप्रेशन’ वापरतात. त्यात ‘शब्दात येणारं चिन्ह’ असं सांगण्यासाठी बॅकस्लॅश आणि डब्ल्यू अशी एक खूण आहे. ही खूण अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढंच ओळखते. जोडून येणारी चिन्हं तिला शब्दाचा भाग वाटत नाहीत. त्यामुळे जिथे काना किंवा उकार येतो, तिथे तिच्या मते शब्द संपतो. ‘महाराष्ट्र’चे अशा प्रकारे पाच तुकडे होतात: ‘मह’, ‘र’, ‘ष’, ‘ट’, ‘र’.

याचा प्रत्यक्षात फटका कोणाला?

समजा, एखाद्या विद्यार्थिनीने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मराठी बातम्यांमध्ये कोणते शब्द जास्त येतात हे मोजायचं ठरवलं. तिच्या यादीत सर्वात वर शब्द दिसणार नाहीत, ‘र’, ‘त’, ‘क’ अशी सुटी अक्षरं दिसतील.

दुसरं उदाहरण फॉर्मचं. नावाच्या रकान्यात फक्त अक्षरंच भरली आहेत का, हे तपासायला पायथनमध्ये एक तयार सोय आहे. तिलाही मात्रा चालत नाहीत. ‘नगर’ हा शब्द ती स्वीकारते, कारण त्यात एकही मात्रा नाही. ‘नागपूर’ नाकारते. अनुस्वार, काना, वेलांटी यांपैकी काही ना काही विदर्भातल्या सगळ्या ११ जिल्ह्यांच्या नावांत आहे. म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदियापासून बुलढाण्यापर्यंत एकाही जिल्ह्याचं देवनागरीतलं नाव या तपासणीत पास होत नाही.

अंकांच्या बाबतीत मात्र उलटं आहे. नागपूर जीपीओचा पिनकोड देवनागरी अंकांत ४४०००१ असा लिहिला तरी पायथन त्याची बरोबर संख्या करून देतो. एवढंच काय, पायथन ३ मध्ये ‘नागपूर’ हे एखाद्या व्हेरिएबलचं नाव म्हणूनही चालतं, तेही अखंड. म्हणजे एकच भाषा एके ठिकाणी हा शब्द पूर्ण मानते आणि दुसरीकडे त्याचे तुकडे करते.

इंग्रजीत काम करणाऱ्याच्या हे कधी लक्षातच येणार नाही, कारण इंग्रजीत मात्रा नाहीत. आणि मराठीत चाचणी घेणाऱ्याने योगायोगाने ‘नगर’, ‘कमल’ असे शब्द निवडले, तर त्यालाही सगळं बरोबर वाटेल.

मग कोडच का बदलत नाहीत?

तक्रार नवी नाही. देवनागरी मजकुरातल्या शब्दांचे असे बारीक तुकडे होतात, ही नोंद पायथनच्या बग-यादीत २००७ मध्येच झाली होती. २०११ मध्ये आणखी एक सविस्तर नोंद आली. रेग्युलर एक्सप्रेशनबाबत युनिकोडची जी शिफारस आहे, तिच्याशी पायथनची ही व्याख्या जुळत नाही, असा तिचा आशय होता.

तरीही ही खूण तशीच राहिली. पायथन पहिल्यांदा १९९१ मध्ये लोकांपुढे आली. तेव्हापासून तिच्यावर असंख्य प्रोग्रॅम उभे राहिले आहेत. ‘शब्दात येणारं चिन्ह’ या व्याख्येवर कोणी लॉगिन-नावं तपासत असेल, कोणी फाइली वेगळ्या करत असेल, कोणी शोध घेत असेल. व्याख्या बदलली की या सगळ्यांचं वागणं एका रात्रीत, काहीही न सांगता बदलू शकतं. एकाची दुरुस्ती ही दुसऱ्यासाठी बिघाड ठरते. म्हणून जुन्या आणि खूप वापरल्या जाणाऱ्या भाषा अशा बदलांबाबत फार सावध असतात.

ज्यांना मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषांमध्ये काम करायचं आहे त्यांच्यासाठी ‘रेजेक्स’ नावाचं वेगळं, मोफत पॅकेज आहे. ते मात्रांना शब्दाचा भाग मानतं आणि ‘नागपूर’ अखंड ठेवतं. युनिकोडचं काम तिथे जास्त नीट होतं, असा उल्लेख पायथनचं डॉक्युमेंटेशनच करतं.

आणि ती एक ओळ?

कोड बदलणं अवघड, पण कोड काय करतो ते खरं सांगणं शक्य होतं. ‘कोणत्याही भाषेतल्या शब्दात येणारी बहुतेक अक्षरं’ या आशयाच्या जागी आता डॉक्युमेंटेशनमध्ये नेमकी व्याख्या आहे: युनिकोडनुसार जी चिन्हं अक्षर किंवा अंक ठरतात ती सगळी, आणि अंडरस्कोर. अक्षर-अंक कशाला म्हणायचं हे पायथनमधली कोणती सोय ठरवते, तिचं नावही तिथेच दिलेलं आहे.

या बदलाने ‘नागपूर’चे तुकडे व्हायचे थांबले का? नाही. पण आता अडलेल्या माणसाला उत्तर शोधायला धागा मिळतो. आधी ती विद्यार्थिनी ‘आपलंच काहीतरी चुकतंय’ म्हणत तासन्‌तास स्वतःचा कोड तपासत बसली असती. आता तिला व्याख्या दिसते, त्यात मात्रा बसत नाहीत हे पडताळता येतं आणि दुसरं पॅकेज वापरायचा निर्णय घेता येतो. एका माणसाने एक ओळ नीट केली की ती वाचणाऱ्या पुढच्या प्रत्येकाचा वेळ वाचतो.

कोडची ‘साफसफाई’ नेहमी बिनधोक असते का?

डॉक्युमेंटेशनमधली चूक वाचणाऱ्याला चकवते. कोडमधली चुकीची साफसफाई मात्र थेट नुकसान करू शकते. याचं प्रसिद्ध उदाहरण आहे ओपनएसएसएलचं.

इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारी ओपनएसएसएल ही लायब्ररी. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीत तिचा समावेश करताना, कोड तपासणाऱ्या एका टूलच्या सूचना बंद व्हाव्यात म्हणून त्यातला अगदी थोडा कोड काढला गेला. पण त्यातच यादृच्छिक, म्हणजे कोणाला अंदाज बांधता येणार नाही अशा संख्या तयार करण्याचं मर्म होतं. परिणामी सुरक्षा-किल्ल्या बनवताना बदलणारी गोष्ट एकच उरली, ती म्हणजे प्रोसेसचा क्रमांक. त्यामुळे एका प्रकारच्या आणि आकाराच्या किल्ल्यांच्या जेमतेम ३२,७६८ शक्यता राहिल्या. कॉम्प्युटरसाठी हा आकडा म्हणजे काहीच नाही.

हे उघड झालं १३ मे २००८ रोजी. म्हणजे सुमारे दीड वर्षाहून अधिक काळ डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूवर कमकुवत किल्ल्या तयार होत होत्या. त्या सगळ्या टाकून नव्या बनवाव्या लागल्या.

म्हणूनच ‘ही ओळ नकोशी दिसते’ एवढं कारण पुरत नाही. ती तिथे का आहे, हे आधी कळावं लागतं. पायथनची कोड लिहिण्याची नियमावली ‘पेप ८’ २००१ पासून आहे. पण ती स्वतःच बजावते की केवळ या नियमांत बसवण्यासाठी जुना चालता कोड मोडू नका.

चार दुरुस्त्या आणि एक टी-शर्ट

छोट्या दुरुस्त्यांची आणखी एक किंमत असते, ती म्हणजे तपासणाऱ्याचा वेळ. ओपन सोर्समध्ये कोड सर्वांना खुला असतो. बदल कोणीही सुचवू शकतो. या सूचनेला ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात. ती वाचून स्वीकारायची की नाही हे मेंटेनर ठरवतात आणि त्यातले बरेच जण हे काम नोकरी सांभाळून, विनामोबदला करतात.

२०२० मध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात हे प्रकर्षाने दिसलं. डिजिटलओशन या कंपनीचा हा उपक्रम २०१४ पासून दर ऑक्टोबरमध्ये होतो. त्या वर्षी चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्या पहिल्या ७०,००० जणांना टी-शर्ट मिळणार होता. भारतातही हा उपक्रम विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय आहे. झालं असं की, ऑक्टोबर उजाडताच अनेक प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला. कोणी शीर्षकात ‘अप्रतिम प्रोजेक्ट’ असे शब्द घातले, कोणी नुसती एक स्पेस वाढवली. वैतागलेल्या मेंटेनरांच्या तक्रारींनंतर पहिल्या काही दिवसांतच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी स्वतःहून सहभाग कळवला आहे, तिथलेच बदल मोजले जातील. २०२३ मध्ये टी-शर्टही बंद झाले.

म्हणजे दुरुस्ती छोटी असणं हा दोष नाही. ती कोणासाठी केली आहे, हा प्रश्न आहे. वाचणाऱ्याची अडचण दूर करणारा एका शब्दाचा बदल हवाहवासा असतो. रेझ्युमेवर एक ओळ वाढावी म्हणून केलेला बदल दुसऱ्याचा वेळ खातो.

काही भाषांनी यावर व्यवस्था बसवली आहे. रस्ट या भाषेत छोटे, कमी जोखमीचे बदल एकत्र बांधून त्यांची चाचणी एकदमच घेतली जाते. तिथल्या डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणंही चाचणीत प्रत्यक्ष चालवून पाहिली जातात, त्यामुळे भाषा पुढे गेली आणि उदाहरण मागे राहिलं असं सहसा होत नाही.

नागपुरात बसून अशी दुरुस्ती करायची तर?

पायथनचा कोड २०१७ पासून गिटहबवर आहे आणि डॉक्युमेंटेशन त्याच्याच शेजारी, वेगळ्या फोल्डरमध्ये आहे. त्यासाठी मोठ्या कंपनीत नोकरी किंवा सी भाषेवर हुकूमत लागत नाही. ढोबळमानाने पायऱ्या अशा:

१. आधी खात्री करा. डॉक्युमेंटेशन जे सांगतं ते नव्या आवृत्तीत स्वतः चालवून पाहा. मराठी शब्द घेताना काना, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षर असलेले शब्द मुद्दाम घ्या.

२. जुन्या नोंदी शोधा. तीच तक्रार आधी कोणी केली असेल, तर चर्चा वाचा. मात्रांचा प्रश्न किती जुना आहे, हे अशा नोंदींतूनच कळतं.

३. बदल लहान ठेवा. साधी टंकनचूक असेल तर पायथनमध्ये वेगळी तक्रार नोंदवावी लागत नाही, थेट पुल रिक्वेस्ट पाठवता येते. अर्थ बदलणारी दुरुस्ती असेल तर आधी चर्चा करणं बरं.

४. कारण लिहा. ‘सुधारणा केली’ असं लिहून भागत नाही. आधीचं वाक्य वाचून कोणाचा, कसा गैरसमज होतो हे दोन ओळींत सांगा.

५. करारपत्र भरा. पहिल्यांदा योगदान देणाऱ्याला पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनचा ऑनलाइन करार मान्य करावा लागतो.

मग वाट पाहायची. उत्तर दोन तासांत येईल किंवा दोन महिन्यांत. नकारही येऊ शकतो आणि त्यातूनही ती ओळ तशी का आहे हे कळतं.

मराठी वाचणारे-लिहिणारे कोट्यवधी आहेत. मात्रा गळाल्यामुळे अडणारे प्रोग्रॅम त्यांच्याच वाट्याला येतात आणि ते पहिल्यांदा दिसतातही त्यांनाच. इंग्रजीत विचार करणाऱ्या मेंटेनरला ‘न’, ‘गप’, ‘र’ यात काय चुकलं हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. ते सांगणं, तेही नेमक्या उदाहरणासह, हे स्वतःच एक योगदान आहे.