पंप घ्यावा तो उंची मोजून

गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला मोटर घ्यायला गेलो की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘किती मजले?’ घरातल्या मोठ्या फिश टँकसाठी पंप घेताना मात्र हा प्रश्न सहसा निघत नाही. गिऱ्हाईक टाकी किती लिटरची ते सांगते, दुकानदार खोक्यावरचा ‘लिटर प्रतितास’ हा आकडा दाखवतो आणि व्यवहार तिथेच पुरा होतो. गडबड इथेच होते. तो आकडा पाणी अजिबात वर न चढवता, तोंड मोकळे ठेवून पंप किती पाणी फेकतो याचा असतो. पंप जितक्या उंचीवर पाणी ढकलतो त्या उंचीला ‘हेड’ म्हणतात, आणि हेड वाढत गेले की पाणी कमी होत जाते. खोक्यावर ‘कमाल हेड 3 मीटर’ असे छापलेले असते तेव्हा त्याचा अर्थ इतकाच की 3 मीटरवर त्या पंपातून एक थेंबही पडणार नाही. म्हणून पंपाची निवड उंचीपासून सुरू झाली पाहिजे. लिटरचा विचार त्यानंतर.

सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी घेऊ. ती 24 घनफुटांची, म्हणजे सुमारे 680 लिटरची होते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी 600 लिटरच्या आसपास उरते. गोड्या पाण्याच्या टाकीतले सगळे पाणी तासाला चार ते सहा वेळा फिल्टरमधून जावे, असा शौकिनांचा ढोबळ नियम आहे. खालची मर्यादा धरली तरी तासाला 2400 लिटर हवेत. फिल्टरचा सम्प, म्हणजे पाणी गाळणारी खालची जोडटाकी, स्टँडच्या खाली असेल तर पाणी साधारण दीड मीटर चढवावे लागते. आता 3000 लिटरचा, कमाल 3 मीटर हेडचा पंप आणला, तर दीड मीटरवर तो ढोबळमानाने निम्मेच, म्हणजे 1500 लिटरच्या आसपास पाणी देईल. कागदावर पाच फेरे, प्रत्यक्षात अडीच. हा फरक क्षुल्लक नाही. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणारा विषारी अमोनिया फिल्टरमधले जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये बदलतात. पण त्यासाठी ते पाणी, आणि त्याबरोबरचा ऑक्सिजन, त्यांच्यापर्यंत पोहोचावा लागतो.

ही उंची सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या टाकीतल्या पातळीपर्यंत मोजायची, पंप पाण्याखाली किती खोल ठेवला आहे ते त्यात धरायचे नाही. पाइपचे घर्षण मात्र त्यात मिळवावे लागते. प्रवाह तेवढाच ठेवून पाइप अरुंद केला तर घर्षण व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने वाढते. 25 मिलिमीटरऐवजी आतून 20 मिलिमीटरचा पाइप टाकला तर ते सुमारे तिप्पट होते. प्रत्येक काटकोनी एल्बो त्यात भर घालतो. कॅनिस्टर फिल्टरची गोष्ट वेगळी. त्याचे पाणी टाकीतूनच येते आणि टाकीतच परत जाते, त्यामुळे चढाईची उंची जवळपास शून्य धरता येते. तिथे अडवतात ते पाइप आणि आतला स्पंज. स्पंज मळला की प्रवाह घटतो.

यावर सरळ उत्तर येते, की मग सर्वांत मोठा पंपच आणावा आणि वॉल्व्हने पाणी आवरावे. पंपाच्या बाहेरच्या बाजूला वॉल्व्ह लावल्याने साध्या पंपाला इजा होत नाही, हे खरे. पण तासाला 2400 लिटर पाणी दीड मीटर उचलायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने जेमतेम 10 वॉट पुरतात. पंप त्याहून जास्त जी वीज खातो ती बहुतेक उष्णता होते, आणि पाण्यात बुडालेल्या पंपाची उष्णता पाण्यातच उतरते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात हा मुद्दा गंभीर आहे. 25 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, 32 अंशांना 7.3 च्या आसपास. शिवाय एंजल, गुरामी, फायटर यांसारख्या संथ पाण्यातल्या माशांना सतत प्रवाहाशी झुंजायला लावणे हा त्यांचा छळ आहे.

वॉल्व्हऐवजी वेगच कमीजास्त करता येणारा डीसी पंप घ्यावा म्हटले, तर दुसरा आक्षेप येतो किमतीचा: असे पंप महाग असतात. असतात, पण हा पंप वर्षभर, चोवीस तास चालणार आहे. 60 वॉटचा पंप वर्षाला सुमारे 525 युनिट घेतो, 30 वॉटचा त्याच्या निम्मे. युनिटला दहा रुपये धरले तर दरवर्षी 2600 रुपयांचा फरक पडतो. डीसी पंपाचा कच्चा दुवा म्हणजे त्याचा अ‍ॅडॉप्टर आणि कंट्रोलर, त्यामुळे ते सुटे मिळतात ना, हे आधी विचारावे. मला स्वतःला एका मोठ्या पंपापेक्षा दोन मध्यम पंप, प्रत्येकाला स्वतंत्र पाइप, ही रचना अधिक पटते. पाइपचा खर्च वाढतो, पण एक पंप रात्रीत बंद पडला तरी सकाळपर्यंत टाकी तग धरते.

वीज जाणार, हेही आपल्याकडे गृहीत धरायला हवे. पंप थांबला की वरचे पाणी परतीच्या पाइपातून उलटे खाली येते. आपल्या उदाहरणातली टाकी एक इंच उतरली तरी 28 लिटर पाणी सम्पमध्ये पडते. त्यासाठी सम्पमध्ये जागा मोकळी ठेवावी आणि परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली बारीक छिद्र पाडावे, म्हणजे पातळी उतरताच हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो. ते छिद्र शेवाळाने बुजते, म्हणून अधूनमधून साफ करावे. कूलरचा स्वस्त पंप टाकीत सोडण्याचा मोह मात्र टाळावा. त्याची वायर, त्याचे सील चिरले तर ज्या पाण्यात आपण हात घालतो त्यातच वीज उतरते. पंप कोणताही असो, अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

तेव्हा दुकानात जाण्याआधी टेप घेऊन उंची मोजा, एल्बो मोजा आणि तो कागद सोबत न्या. कोणत्या उंचीला किती पाणी मिळते याचा आलेख चांगल्या कंपन्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात छापतात. तो दाखवता येत नसेल, तर तो पंप घेऊ नका.