छातीतला पाट



माळशेज घाट उतरला की मुरबाड, कसारा घाट उतरला की शहापूर. ठाणे जिल्ह्यातला हा मुलूख भाताचा नि जंगलाचा. तेथील वाड्यापाड्यांवर पुष्कळ घरांत अजून लाकडाची चूल पेटते. आपल्या उसाच्या गावांतही तुराट्या, गोवऱ्या जळतातच. चुलीपुढे जन्म काढलेल्या बाईला उतारवयात दम लागतो, मग पाय सुजतात. धूर गेला छातीत, मग सूज पायांवर का? याचे उत्तर फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत आहे.

हृदयाच्या उजव्या बाजूने अशुद्ध रक्ताचा मुख्य कालवा निघतो. त्याचे दोन फाटे दोन फुप्फुसांत शिरतात. पुढे वितरिका, चाऱ्या, सऱ्या असे करीत रक्त केसाहून बारीक वाहिन्यांत उतरते. हवेच्या कोट्यवधी फुग्यांभोवती यांचेच जाळे असते. १६६१ साली इटलीच्या माल्पिघी यांनी ते बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. येथे रक्त प्राणवायू घेते नि चार शिरांवाटे हृदयाच्या डाव्या बाजूस परतते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त या वाटेने जाते. दाब मात्र उरलेल्या शरीरातल्या दाबाच्या जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा. म्हणून हृदयाच्या उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते.

आणखी एक गोष्ट बरं का! या पाटाला स्वतःचा पाटकरी आहे. ज्या भागात हवा पोचत नाही, तेथली वाहिनी आपोआप आकसते नि रक्त हवेशीर भागाकडे वळते. रिकाम्या सरीचे दार बांधून आपण पाणी दुसरीकडे वळवतो, तसेच. पण वर्षानुवर्षांच्या धुराने किंवा बिडीने सगळेच फुप्फुस बिघडले, तर सगळीच दारे अरुंद होतात. मागे दाब चढतो, उजवा कप्पा फुगतो, थकतो. शरीरातून परतणारे रक्त तुंबते नि पाणी पायांत उतरते.

पाय सुजण्याची कारणे इतरही असतात. तेव्हा ‘वयच झालं आता’ म्हणून घरी बसू नये. दम आणि सूज एकत्र दिसली की डॉक्टरांना दाखवावे, बोटावरच्या यंत्राने प्राणवायू मोजून घ्यावा. बिडी सोडावी. गॅस असेल तर तो पाहुण्यांच्या चहापुरता राखू नये. चूलच असेल तर धुराडे आणि खिडकी करून द्यावी. उसाची पाळी आपण चुकू देत नाही. घरच्या बाईच्या श्वासाकडेही तेवढेच लक्ष असावे, एवढी आमची विनंती.