ऋषीची भाजी आणि आष्टीचे धुरे

ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य, हा नियम आपल्या पुष्कळ घरांत अद्याप पाळला जातो. परसातले अळू, कुंपणावरचे पडवळ, आपोआप उगवलेला माठ यांवर तो दिवस काढावयाचा. परंतु आता 'ऋषीची भाजी' बाजारातून जुडी बांधून येते. ती नांगरलेल्या शेतातली की कशी, हे विचारतो कोण!

वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी आष्टी आहे. १९४२ च्या ऑगस्टमधील उठावामुळे हे नाव सर्वतोमुखी झाले. तेथल्या धुऱ्यांवर पावसाळ्यात काय उगवते, हे मात्र निंदणास जाणाऱ्या बायांनाच नीट ठाऊक. पहिल्या पावसाबरोबर तरोटा वर येतो, कोकणात ज्यास टाकळा म्हणतात तोच. मग घोळ, आणि पुढे कुंपणावर काटवले. याच जिल्ह्यातील मगनवाडीत राहत असता, १९३५ साली, गांधीजींनी 'हरिजन' पत्रातून रोज थोडा हिरवा पाला कच्चा खाण्याची शिफारस केली होती. तरोटा मात्र शिजवूनच खावा, आणि तोही फुलापूर्वीचा कोवळा.

आमच्या मते घरोघरच्या मंडळींनी श्रावणात एकदा तरी मुलांसह धुऱ्यावर जावे, आणि सोबत पुस्तक नव्हे, एखादी निंदणारी आजी घ्यावी. तिला त्या दिवसाची मजुरी द्यावी, हे वेगळे सांगावयास नको. तिची विद्या कोठेही लिहिलेली नाही, आणि सुनालेकी बाजाराच्या भाजीस सरावल्या आहेत.

ओळख पक्की हवी, याचे कारण गंभीर आहे. तरोट्याचाच एक भाऊबंद कासविंदा. तरोट्याच्या देठावर गोल टोकाच्या पानांच्या बहुधा तीन जोड्या असतात; कासविंद्याच्या चार-पाच, टोकदार, आणि चुरडल्यास दुर्गंधी येणाऱ्या. पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी लहान मुले एका गूढ आजाराने दगावत. त्याचा संबंध कासविंद्याच्या शेंगांशी असल्याचे २००७ साली डॉक्टरांनी दाखवून दिले. खेळता खेळता मुले त्या शेंगा खात!

परसात शेवगा, अंबाडी व अळू लावलेच, तर निम्मा पावसाळा निघतो. धुऱ्यावर जाण्यापूर्वी मात्र शेतमालकास विचारावे. तणनाशक फवारले असेल, तर त्या वर्षी तो धुरा सोडून द्यावा.