प्रार्थनाकीटकाची जोपासना

हिरव्या पानांत पुढचे दोन पाय जुळवून निश्चल बसलेला प्रार्थनाकीटक पुष्कळांनी पाहिला असेल. त्याची ही प्रार्थना नव्हे, पारध होय. घडी केलेले काटेरी पाय क्षणार्धात उलगडून तो भक्ष्य पकडतो. भारतात आढळणारे हायरोडुला वंशातील मोठे हिरवे कीटक शाळेतही पाळता येतात. मात्र त्यांच्या गरजा आधी समजून घेतल्या पाहिजेत.

काचेची उंच बरणी घेऊन तिच्या तोंडावर जाळीचे कापड बांधावे व आत एक काटकी तिरपी ठेवावी. अधूनमधून पाण्याचे बारीक तुषार उडवावेत; कीटक ते थेंब पितो. अन्न मात्र जिवंत व हलणारे हवे. दोन्ही डोळ्यांच्या साहाय्याने तो भक्ष्याचे अंतर जोखतो, हे रॉसेल यांनी 1983 साली त्याच्या डोळ्यांपुढे लोलक बसवून सिद्ध केले. पिलांना चिलटे व मोठ्या कीटकांना माश्या किंवा पतंग द्यावेत. कीटकनाशक फवारलेल्या जागेतील भक्ष्य देऊ नये. एका बरणीत एकच कीटक ठेवावा, कारण हे कीटक एकमेकांनाही खातात.

खरी कसोटी कात टाकताना लागते. कीटकाचे बाह्य कवच त्याच्या शरीराबरोबर वाढत नाही. म्हणून प्रौढ होईपर्यंत त्याला अनेकदा कात टाकावी लागते. त्यापूर्वी तो खाणे सोडतो व जाळीला उलटा लटकतो. मग पाठीवरची कात उकलते आणि मऊ, कोवळे शरीर हळूहळू खाली सरकून बाहेर येते. यासाठी बरणीची उंची कीटकाच्या लांबीच्या निदान तिप्पट असावी. जागा अपुरी पडली किंवा कुतूहलापोटी कोणी बरणी हलवली, तर तो खाली पडून त्याचे पाय वाकडे होतात. पुष्कळदा तो मरतोही. उरलेले भक्ष्य आधीच काढून घ्यावे, नाहीतर तेच या असहाय कीटकाला कुरतडू शकते. नवे कवच कठीण होईपर्यंत त्याला मुळीच स्पर्श करू नये. बाल्यावस्थेत गमावलेला पाय पुढील कात टाकताना थोडाफार पुन्हा वाढतो. पंख फुटल्यावर मात्र तो कात टाकीत नाही.

मादी फेसासारख्या द्रवात अंडी घालते व तो फेस वाळून टणक कोश बनतो. त्यातून अनेक पिले एकदमच बाहेर पडतात. सर्वांना सांभाळणे शक्य नसेल, तर जेथून मादी आणली त्याच बागेत ती सोडावीत. प्राणी पाळणाऱ्याने त्याला काय द्यावे, हे शिकणे सोपे असते. हात केव्हा आवरावा, हे प्रार्थनाकीटक शिकवतो.